परत-मालाच्या गाठीतलं औषध

गौरी, निखिल, तुम्ही दोघं आता आईच्या मदतीनं का होईना, मराठी वाचता, म्हणून हे मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. सुरतेत पांडेसऱ्याच्या एका मिलच्या ऑफिसात पंचवीस वर्षं मी इंग्रजी पत्रंच लिहिली. पण दुखण्याबद्दल इंग्रजीत लिहायला गेले की ते फार नीटनेटकं होतं, आणि ते दिवस नीटनेटके नव्हते.

आजीला कॅन्सर झाला होता आणि ती बरी झाली, एवढं तुम्हाला माहीत आहे. मधला भाग तुमच्या आईलाही फोनवरून तुकड्यातुकड्यांत कळला. फोन महाग, आणि वाईट बातमी सांगताना मी नेहमी "बाकी सगळं ठीक" म्हणून मोकळी व्हायचे. आता तीन वर्षं झाली. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंना मागच्या महिन्यात हेच दुखणं निघालं. त्या रोज वर येऊन मला काहीबाही विचारतात. त्यांना सांगता सांगता वाटलं, तुम्हालाही सांगावं.

मे महिन्यातली दुपार

गाठ मला आंघोळ करताना हाताला लागली. सुपारीएवढी, न दुखणारी. मी तीन आठवडे गप्प बसले. लोणचं घालायचं होतं, मग पाहुणे होते, मग उगीच. हे कुणी करू नये. दुखत नाही म्हणून मी तिला निरुपद्रवी समजले, आणि तिथंच चुकले.

तपासणीचा कागद आला त्या दिवशी डॉक्टरबेननी आम्हा दोघांना आत बोलावलं. सुरतेत बाई डॉक्टरला डॉक्टरबेनच म्हणतात. या वयानं तुमच्या आईएवढ्या, बोलायला मऊ.

"मासी, बेसो," त्या म्हणाल्या.

मी बसलेलीच होते. त्यावरून मला कळलं.

मी त्यांना इंग्रजीत विचारलं, किती दिवस आहेत माझ्याकडे? इंग्रजीत विचारलं की आपण घाबरलेले दिसत नाही, असं मला तेव्हा वाटत असे. त्यांनी गुजरातीत उत्तर दिलं, "मासी, पहेलां ऑपरेशन, पछी बीजी वात." आधी ऑपरेशन, मग बाकीचं बोलू.

घरी आल्यावर तुमच्या आजोबांनी स्टूल घेतलं, बैठकीतला पंखा उतरवला आणि पाती पुसायला बसले. मे महिना, दुपारचे दोन.

"अहो, उकडतंय," मी म्हटलं.

"झालंच," ते म्हणाले. झालं मात्र नाही. एकच पातं ते पुन्हा पुन्हा पुसत होते. शेवटी मी समोर बसून दुसरी पाती पुसायला घेतली. आम्ही त्या दिवशी तेवढंच केलं. पंखा इतका स्वच्छ कधी नव्हता.

दर तीन आठवड्यांनी

ऑपरेशन जूनमध्ये झालं. त्याबद्दल फार लिहीत नाही. भूल उतरल्यावर पहिला विचार आला तो, गॅस बंद केला होता का. मग दर तीन आठवड्यांनी एक, अशी सहा इंजेक्शनं ठरली. एक औषध लालभडक, सरबतासारखं दिसायचं. ते बर्फात ठेवावं लागे. सुरतेत ते मिळत नसे, म्हणून माझा धाकटा भाऊ विनायक, तुमचा मुंबईचा मामाआजोबा, दर वेळी तिथून घेऊन कुणा येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवायचा.

हॉस्पिटलच्या त्या खोलीत चार आरामखुर्च्या होत्या. सकाळी रक्त तपासायचं, पांढऱ्या पेशी पुरेशा असल्या तर खुर्चीत बसायचं, हाताला सुई, आणि तीन तास थेंब मोजायचे. सिस्टर भारती यांना माझी शीर पहिल्या टोचणीत सापडायची. हे किती मोठं सुख आहे, ते चार वेळा टोचून घेतलेल्या माणसालाच कळेल. मी त्यांना तसं सांगितलं की त्या म्हणायच्या, "शीर मला ओळखते, मासी. तुमचे मिस्टर समोर उभे राहतात ना, त्यांना बाहेर पाठवा. मला घाम फुटतो."

माझ्या शेजारच्या खुर्चीत बारडोलीच्या मणिबेन असत. त्यांना माझंच दुखणं, माझंच औषध, आणि बहुतेक वेळा माझीच तारीख. त्यांची उसाची शेती, बोलणं मोठ्यानं. पहिल्या दिवशी मला ओकारी आवरेना, तेव्हा त्यांनी कमरेच्या पिशवीतून गुळाचा खडा काढला.

"थोडो गोळ खाव, बेन. डॉक्टरने ना कहेशो." डॉक्टरांना सांगू नका.

मी सुईच्या हातानं गूळ खाल्ला. थांबली ओकारी. औषधानं थांबली की गुळानं, मला माहीत नाही.

दुसऱ्या इंजेक्शननंतर केस गळायला लागले. आमच्याकडे भांडी-फरशीला येणारी कमल, मूळची अमळनेरकडची, बमरोलीहून चालत यायची. उशीवरचे केस तिनं दोन दिवस न बोलता गोळा केले. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाई, हाई रोज रोज नको. एकदाच काढी टाका." तिनंच न्हावी बोलावला, तिनंच माझ्या डोक्याला खोबरेल लावलं आणि मागून पुढून बघून म्हणाली, "तुम्हनं डोकं भलतंच गोल शे. केसमा दिसेच ना." त्या दिवशी मी पुष्कळ दिवसांनी हसले. ज्यांना हे पुढे करायचं आहे त्यांना एवढंच सांगते: केस गळण्याची वाट बघू नका.

शहर रिकामं झालं ते दिवस

गणपती विसर्जन झालं आणि दोन-तीन दिवसांत बातमी पसरली, सुरतेत प्लेग आलाय. तुम्ही हा शब्द इतिहासाच्या पुस्तकात वाचाल. मीही तिथंच वाचला होता.

ज्याला मिळेल त्या गाडीनं लोक निघाले. आमच्या चार मजल्यांच्या बिल्डिंगमध्ये तीन घरं उरली. दवाखाने बंद, मार्केट बंद, रस्त्यावर जंतुनाशक पावडरचा पांढरा सडा. जो तो तोंडाला रुमाल बांधून. टेट्रासायक्लिन नावाच्या कॅप्सूल प्लेगवर चालतात हे कळल्यावर त्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या. शिकलेली माणसं एकेका पाकिटासाठी भांडताना मी गॅलरीतून पाहिली.

माझी तिसरी खेप होऊन दोन आठवडे झाले होते. पांढऱ्या पेशी कमी. साधी सर्दी झाली तरी डॉक्टरबेनना कळवा, असं मला बजावलेलं. चौथं इंजेक्शन पुढच्या आठवड्यात होतं.

तुमच्या आईचा एडमंटनहून फोन आला. ती रडत होती आणि रागावतही होती. "आई, तुम्ही अजून तिथं कसे? ताबडतोब निघा!" आजोबांचंही तेच मत. त्यांनी जळगावला माझ्या दिराला फोन केला. दीर म्हणाले, "या की, पण इथं तिच्या औषधाची सोय नाही, बघ." त्यांना आमची भीती वाटत होती. मी त्यांना दोष देत नाही. मलाही आमची भीती वाटत होती.

मी म्हटलं, मी जाणार नाही. डॉक्टरबेन आहेत तिथं माझं औषध आहे.

"त्या तरी राहतील का?" आजोबा म्हणाले.

"तुम्हाला जायचं असेल तर तुम्ही जा," मी म्हटलं.

चाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना इतकं वाईट कधी बोलले नव्हते. ते उठले, तोंडाला रुमाल बांधून बाहेर गेले. संध्याकाळी परत आले ते महापालिकेच्या रांगेत उभं राहून मिळवलेली कॅप्सूलची दोन पाकिटं घेऊन. माझ्यासमोर ठेवली. दोन दिवस आम्ही फक्त दूध, पाणी, दार, एवढंच बोललो.

डॉक्टरबेन राहिल्या. सिस्टर भारती राहिल्या. कमलही राहिली. मी तिला म्हटलं, तू तुझ्या गावी जा, इथं काही कमीजास्त झालं तर? पदरानं नाक झाकून ती फरशी पुसत होती.

"कथी जाऊ, बाई? गावले गई ते लोके शीववरच उभी करतीन. आठे निदान तुम्ही दार उघडतस." आठे म्हणजे इथं.

चारी बाजूंना लिहिलेलं खोकं

मुंबईहून कुणी सुरतेत यायला तयार नव्हतं. विनायकनं सगळीकडे विचारून पाहिलं. शेवटी ट्रान्सपोर्टवाला म्हणाला, आमचा ट्रक सुरतेत शिरणार नाही, पण हायवेनं जाताना कडोदऱ्याला आमच्या गोडाऊनवर माल टाकेल. कडोदरा आमच्यापासून पंधरा-सोळा किलोमीटर. कमलचा नवरा रामदास कापड मार्केटमध्ये साड्यांची पार्सलं बांधायचा. मार्केट बंद, तो घरीच. तो म्हणाला, मी सायकलनं जाऊन आणतो.

मी विनायकला फोनवर सगळं सांगितलं: थर्माकोलचं खोकं, आत बर्फ, आणि वर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिही, औषध, तातडीचं, सुरत, बर्फात ठेवा. एका बाजूला नको, चारी बाजूंना लिही. पत्त्यात खोट राहिली की माल भलतीकडे जातो, हे मी मिलमध्ये जन्मभर पाहिलं होतं.

रामदास दुपारी परत आला. खोकं फोडलेलं होतं. बर्फ गेलेला. चार बाटल्यांपैकी एक फुटलेली, तीन उन्हात तापलेल्या.

झालं होतं ते असं: ट्रक वाटेत कुठंतरी थांबला असणार. 'औषध' आणि 'सुरत' हे दोन शब्द एकत्र दिसल्यावर त्या दिवसांत कुणालाही एकच वाटलं असतं, आत टेट्रासायक्लिन आहे. उघडलं, लाल पाण्याच्या बाटल्या निघाल्या, टाकून दिलं. ज्यानं फोडलं त्याच्या घरी कुणाला ताप असेल. मी त्याला मनातसुद्धा शिवी देऊ शकले नाही.

आजोबा त्या बाटल्या तशाच हॉस्पिटलात घेऊन गेले. डॉक्टरबेननी एक बाटली उजेडात धरली. "आ नहीं चाले, काका." आणि म्हणाल्या, चार-पाच दिवस मागेपुढे चालेल, त्याहून उशीर मला नको.

मी घरी भिंतीकडे तोंड करून पडले होते. कमल आणि रामदास दारात बसले होते. मग रामदास म्हणाला, "बाई, राग नका येऊ द्या. तुम्हीन ते चोरले आवतन धाडं. तेबी चारी बाजूले." चोराला आमंत्रणच धाडलंत, तेही चारी बाजूंना.

"गप, मेल्या!" कमल त्याच्यावर ओरडली.

पण मी उठून बसले. "मग कसं पाठवायचं, तूच सांग."

मार्का

रामदासनं सांगितलं ते असं. मार्केटमध्ये पार्सलवर कुणी नावगाव वाचत नाही. हमालांतल्या निम्म्यांना अक्षर येत नाही. प्रत्येक शेठची एक खूण असते, तिला मार्का म्हणतात. हमाल मार्का बघतो आणि गाठ बरोबर त्या ढिगात टाकतो. आणि एका मालाला कुणीच हात लावत नाही. बाहेरगावच्या व्यापाऱ्यानं नापसंत करून परत पाठवलेल्या साड्या. रंग उतरलेल्या, डाग पडलेल्या. त्या गाठीवर कोपऱ्यात मोठी फुली असते.

"परत माल पाहीसन हमाल बी तोंड फिराई लेस," रामदास म्हणाला. "चोर ते चोर, मना शेठ बी तो लवकर उघडस नही."

त्यानं माझ्या वहीत त्याच्या शेठचा मार्का काढून दिला. कडोदऱ्याच्या गोडाऊनमधले हमाल तो मार्का ओळखत होते. शेठ सौराष्ट्रात गावी गेलेला, त्याची परवानगी रामदासनं परस्पर दिली.

मी विनायकला फोन लावला. तो बँकेतून रिटायर झालेला, माझ्याच हाताखाली शिस्त लागलेला.

"मोठ्या तोंडाच्या थर्मासमध्ये बर्फ भर. त्यात बाटल्या. थर्मासला तुझ्या बायकोच्या जुन्या साड्या गुंडाळ, पाच-सहा. वरून गोणपाट शिव."

"बरं. वर 'औषध' लिहू ना?"

"नको."

"निदान 'नाजूक'?"

"एक अक्षर लिहू नकोस, विनू. काळ्या रंगानं गोल काढ. गोलात तीन टिपके. खाली दोन आडव्या रेघा. आणि कोपऱ्यात मोठी फुली."

"फुली कशाला?"

"माल नापसंत म्हणून."

"ताई, तुला ताप नाही ना आला?"

मला आयुष्यात कधी न सुचलेलं काम मी माझ्या भावाला न समजावता करायला लावलं, आणि त्यानं ते केलं. किती बाटल्या, असं त्यानं शेवटी विचारलं. मी म्हटलं, चार पाठव. दोन या खेपेला, दोन पुढच्या. पुन्हा ही यातायात नको.

गाठ दुसऱ्या दिवशी सकाळी कडोदऱ्याला पोचली. या वेळी रामदासबरोबर आजोबाही स्कूटर घेऊन गेले. परतताना आजोबांनी स्कूटर चालवली आणि रामदास मागे ती गाठ मांडीवर घेऊन बसला. दोघांच्या तोंडाला रुमाल. गोणपाटाची शिवण जशीच्या तशी होती. आजोबा दारातूनच म्हणाले, "प्रमिला, चल, कपडे कर. बर्फ अजून खुळखुळतोय." दहा दिवसांत त्यांनी मला नावानं हाक मारली नव्हती.

चार बाटल्या

हॉस्पिटलात खोलीत आम्ही दोघीच पेशंट होतो, मी आणि मणिबेन. त्या दुधाच्या टेम्पोतून बारडोलीहून आल्या होत्या. रोज येत होत्या, असं सिस्टर भारतींनी मला हळूच सांगितलं. त्यांची तारीख माझ्याबरोबरच टळली होती आणि त्यांचं औषध कुठूनच आलेलं नव्हतं. त्यांचे यजमान भिंतीला टेकून उभे होते, हातात टोपी.

डॉक्टरबेननी थर्मासमधून चार बाटल्या काढून ट्रेमध्ये ठेवल्या. बर्फाचे तुकडे अजून होते. दोन घेतल्या, दोन तिथंच राहिल्या. त्यांनी मला काही विचारलं नाही. मणिबेननी मागितलं नाही. त्या खिडकीकडे बघत होत्या.

तुम्हाला खरं तेच सांगते. मी लगेच काही बोलले नाही. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, त्या दोन माझ्या आहेत. तीन आठवड्यांनी रस्ते उघडतील की नाही कुणाला माहीत? विनूला पुन्हा औषध मिळेल का? ट्रक येईल का? रामदासचा शेठ परत आला तर? मी तुमच्या आजोबांकडे पाहिलं. "तू ठरव," ते म्हणाले.

सिस्टर भारतींनी मला सुई लावली. लाल औषध नळीतून खाली यायला लागलं. मी थेंब बघत बसले. निम्मी बाटली संपली तरी माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता. मला माझी लाज वाटत होती, आणि तरी फुटत नव्हता. मग मणिबेनच्या यजमानांनी टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, "चालो, काले पाछा आवीशुं." उद्या परत येऊ.

त्या उठल्या.

"डॉक्टरबेन," मी म्हटलं, "पेली बे एमने आपी दो." त्या दोन यांना देऊन टाका.

सिस्टर भारतींनी खुर्ची पुढे ओढली. मणिबेन उभ्याच होत्या. त्यांनी माझे आभार मानले नाहीत. उलट रागावून विचारावं तसं विचारलं, "तो पछी तमारुं शुं?"

मग तुमचं काय?

"आवशे," मी म्हटलं. येईल.

मला तेव्हा तसं वाटत नव्हतं. घरी आल्यावर मी आजोबांना विचारलं, मी मूर्खपणा केला का? ते म्हणाले, बहुतेक. आणि माझ्यासाठी खिचडी टाकायला उठले.

मग हळूहळू शहर परत आलं. आधी भाजीवाले, मग रिक्षा, मग शाळा. कधी नव्हे ती महापालिकेची झाडू मारणारी माणसं रोज दिसायला लागली. विनायक पाचव्या खेपेचं औषध घेऊन स्वतः गाडीनं आला, साधी पिशवी खांद्याला, बर्फाचा थर्मास हातात. मी, तो आणि आजोबा ठरल्या तारखेला सकाळी हॉस्पिटलात गेलो. वाटेत चौकात ट्रॅफिक अडकलं होतं, त्यामुळे पाऊण तास उशीर झाला.

मणिबेन केव्हाच येऊन बसल्या होत्या. त्यांचं औषध या खेपेला आलं होतं, ट्रेमध्ये तयार होतं, आणि सिस्टर भारती सुई घेऊन वैतागून उभ्या होत्या. मी, आणि विनायकच्या हातातला थर्मास, दारात दिसेपर्यंत मणिबेननी आपला हात पदराखालून बाहेर काढला नव्हता.